कर आकारणाऱ्याची परीक्षा



घरपट्टीची नोटीस दारात आली की आपण आकडा पाहतो आणि कपाळाला हात लावतो. तो आकडा ठरविणाऱ्याने कोणती परीक्षा दिली आहे, हे कोणी विचारीत नाही. मीही विचारले नव्हते. काही वर्षांपूर्वी आमच्या युनियनमधील एका कामगाराच्या दोन खोल्यांच्या घराची आकारणी झाली, तीत शेजाऱ्यांसह वापरायचा सामाईक ओटाही त्याच्याच नावे धरला गेला. हरकतीच्या सुनावणीत कळले की मोजणारा त्या घरी आलाच नव्हता! तेव्हापासून या विषयाचे मिळेल ते वाचीत गेलो. त्यात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याची हकीगत मला फार बोधप्रद वाटली.

तेथे मालमत्तेची किंमत काउंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचा, आकारणी अधिकारी ठरवितो. आणि तो मतांवर निवडून येतो. सर्वांना एकच माप लावावे असे राज्यघटना सांगत होती. व्यवहारात मापे दोन होती. राहत्या घरांना हलके माप, व्यापारी मालमत्तेला जड. घरवाले खूष, म्हणून अधिकाऱ्याची खुर्ची पक्की. आणि जड माप हलके करून घेण्यासाठी पैसेवाल्यांची ये-जा. १९६५ साली सान फ्रान्सिस्को शहरात हे बिंग फुटले. तेथील अधिकारी रसेल वोल्डन १९६६ मध्ये लाचखोरीबद्दल दोषी ठरला. इतर काही काउंट्यांतही असेच प्रकार बाहेर आले.

विधिमंडळाने त्याच वर्षी पेट्रिस व नॉक्स या सभासदांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा केला. त्याने दोन गोष्टी केल्या. सर्व मालमत्ता बाजारभावाच्या २५ टक्क्यांवर आकारावी, हे एक. दुसरी गोष्ट अशी की, राज्य मंडळाचे प्रमाणपत्र असल्याशिवाय कोणीही करासाठी मालमत्तेची किंमत ठरवू नये. त्यासाठी परीक्षा आली, आणि प्रमाणपत्र टिकविण्यासाठी दरवर्षी ठराविक तासांचे प्रशिक्षण आले. पुढे निवडून येणाऱ्या अधिकाऱ्यालाही हे प्रमाणपत्र सक्तीचे झाले. मते मिळाली म्हणजे मोजता येते असे नव्हे, हे मान्य झाले.

आता सगळे सुरळीत झाले असेल असे आपणांस वाटेल. झाले उलटेच. माप एक होताच सान फ्रान्सिस्कोत राहत्या घरांचा कर चढला आणि व्यापारी मालमत्तेचा उतरला. लबाड अधिकारीच परत आणा, अशा मजकुराच्या चिठ्ठ्या लोकांनी मोटारींना चिकटविल्या. पुढे १९७० नंतरच्या दशकात घरांचे भाव भडकले, आणि प्रशिक्षित, प्रामाणिक अधिकाऱ्यांनी ती भाववाढ वहीत इमानाने उतरविली. निवृत्त माणसाचे उत्पन्न होते तेथेच. कर मात्र वाढता. राज्याच्या तिजोरीत शिल्लक साठत असूनही विधिमंडळाने पुरेशी सवलत वेळेवर दिली नाही. अखेर ६ जून १९७८ रोजी सुमारे ६५ टक्के मतदारांनी 'प्रस्ताव १३' मंजूर केला. कर किमतीच्या एक टक्क्यावर बांधला गेला. किंमत १९७५ सालच्या पातळीवर मागे नेली. आणि विक्री होईपर्यंत ती वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वाढवू नये असे ठरले. मालमत्ता कराचे उत्पन्न निम्म्याहून खाली आले. मोठमोठ्या व्यापारी मालमत्तांनाही तीच सवलत मिळाली. शेजारशेजारच्या दोन सारख्या घरांना निरनिराळा कर बसू लागला, तो आजही बसतो.

मग परीक्षा घेणे चुकले काय? मुळीच नाही. कारखान्यात घड्याळ घेऊन कामाची मोजणी करणारा येतो, तेव्हा आम्ही दोन मागण्या करतो. त्याला मोजता आले पाहिजे. आणि मजुरीचा दर त्याने ठरवू नये, तो वाटाघाटीत ठरावा. कॅलिफोर्नियाने पहिली गोष्ट केली, दुसरी बारा वर्षे लांबणीवर टाकली. गरीब घरवाल्याला जी सूट हवी होती ती पूर्वी एका अधिकाऱ्याच्या मर्जीवर, बेकायदा मिळत होती. मर्जी गेली हे योग्यच झाले. पण तिच्या जागी कायद्याने हक्क द्यावयास हवा होता, तो दिला नाही.

आमच्या त्या कामगाराचा ओटा शेवटी आकारणीतून वगळला गेला. वाचलेली रक्कम लहानच होती. पण सुनावणीत त्याने विचारलेला प्रश्न मला अजून आठवतो. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही मोजायला कुठे शिकलात?" आपणही तो विचारावा, आणि त्यानंतर आपल्या नगरसेवकाला विचारावे की, दर कोणी आणि कोणासाठी ठरविला.