जांभा

जांभा : उष्ण आणि भरपूर पावसाच्या प्रदेशात मूळ खडक लाखो वर्षे कुजत, झिजत, धुपत राहिल्यावर मागे उरणारा तांबूस, सच्छिद्र खडक. यात लोह व ॲल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांचे प्रमाण मोठे असते. भूविज्ञानात त्याला लॅटेराइट म्हणतात. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश वैद्याने 1800-01 मध्ये म्हैसूर, कानडा व मलबार या मुलखांतून प्रवास केला. केरळातील अंगाडीपुरम येथे लोक हा दगड मऊ असताना कापून घेतात आणि हवा लागल्यावर तो घट्ट होतो, हे त्याने पाहिले. 1807 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनातून लॅटेराइट हे नाव शास्त्रात आले. अर्थात कोकणातल्या आणि मलबारातल्या गवंड्यांना हा गुण त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होता. महाराष्ट्रात जांभा दोन पातळ्यांवर सापडतो : सह्याद्रीच्या माथ्यावर, आणि कोकणच्या किनारपट्टीत. गोवा, किनारी कर्नाटक व केरळ येथेही तो विपुल आहे.

घडण : कोकणातल्या बहुतेक जांभ्याचा जनक बेसॉल्ट, म्हणजे बोलीतला काळवथर. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले. आज ते सुमारे 5 लाख चौ. किमी. क्षेत्र व्यापतात. या खडकात सिलिकाचे प्रमाण निम्म्याच्या आसपास असते, शिवाय लोह, ॲल्युमिनियम, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतात. पावसाचे पाणी हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड विरघळवून किंचित आम्लधर्मी होते. ते फटींतून झिरपते तेव्हा कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम व पोटॅशियम आधी निघून जातात. मागोमाग सिलिकाही सावकाश विरघळून वाहून जाते. लोह आणि ॲल्युमिनियम मात्र पाण्यात सहजी विरघळत नाहीत, त्यामुळे ते जागीच साचत राहतात. चार महिने संततधार आणि आठ महिने कोरडे हे कोकणचे ऋतुचक्र या क्रियेला फार पोषक ठरते. पावसाळ्यात भूजलाची पातळी वर चढते, उन्हाळ्यात खाली उतरते. या चढउतारात लोह विरघळते, पुन्हा साक्याच्या रूपाने बसते आणि कणांना कणांशी सांधते. लोहाऐवजी ॲल्युमिनियमचे प्रमाण वाढले की जांभ्याचे बॉक्साइट होते. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी, चंदगड भागांतल्या पठारांवर ते आढळते. सिंधुदुर्गात व गोव्यात लाव्हाच्या खालचे कितीतरी जुने धारवाडी खडक उघडे पडलेले आहेत. तेथे जांभा त्यांच्यावरही चढला आहे.

छेद : जांभ्याचा छेद पाहायचा तर चिरेखाणीची किंवा नव्याने कापलेल्या रस्त्याची उभी भिंत पाहावी. वर एक-दोन मीटर जाडीचे काळपट तांबडे, खणखणीत कवच असते, हा कातळ. त्याच्या खाली खरा चिरा निघतो. मधमाशांच्या पोळ्यासारखा भोकाभोकांचा, तांबडा, पिवळा, गुलाबी, मध्येच जांभळट झाक मारणारा. भोकांतून पिवळी माती भरलेली असते आणि ओल्या चिऱ्यावर नखाने ओरखडा उठतो. आणखी खाली भोके संपतात आणि पांढरट-गुलाबी मऊ चिकणमाती लागते. तिच्यात मूळ खडकाच्या फटी व ठेवण अजून ओळखू येते, पण हातात घेतली तर ती कुस्करते. त्याखाली मुरूम आणि तळाशी अखंड काळवथर. सबंध थराची जाडी काही मीटरपासून वीस-तीस मीटरपर्यंत असते. वर कठीण आणि खाली मऊ ही उलटी रचना ध्यानात ठेवली म्हणजे जांभ्याच्या मुलखातली बहुतेक भूरूपे उलगडतात.

सडे आणि पठारे : घाटमाथ्यावर महाबळेश्वर, पाचगणी, कास, पन्हाळा येथे डोंगरांना जांभ्याची टोपी आहे. माथेरानची तांबडी धूळही यातलीच. पाचगणीचे टेबललँड हा त्याचा ठसठशीत नमुना. सपाट माथा, कडेला तुटलेला उभा कडा, त्याखाली मऊ थर निसटल्याने झालेल्या कपारी आणि पायथ्याशी ढासळलेल्या प्रचंड शिळा. जांभा पावसाचे बरेचसे पाणी पोटात घेतो, म्हणून माथ्यावर ओढे फारसे खोदले जात नाहीत आणि सपाटी टिकून राहते. झीज होते ती काठाकडून.

कोकणात सावित्रीच्या दक्षिणेकडे जाऊ लागले की जांभ्याची सपाटी अधिकाधिक पसरत जाते. रत्नागिरी, लांजा, राजापूर, देवगड या तालुक्यांत तिचे राज्य आहे. या सपाटीला सडा म्हणतात. समुद्रसपाटीपासून तिची उंची बहुधा दोनशे मीटरांच्या आत असते. शास्त्री, काजळी, मुचकुंदी, अर्जुना या सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्यांनी ती खोल चिरली आहे. त्यामुळे या भागात उत्तर-दक्षिण प्रवास म्हणजे सड्यावरून खाडीत उतरणे आणि पलीकडच्या सड्यावर पुन्हा चढणे. वाड्या सड्यावर क्वचितच वसतात. त्या उताराच्या कुशीत, झऱ्याच्या आसऱ्याने असतात. वाडीतून सड्यावर नेणारी चिऱ्यांच्या पायऱ्यांची पाखाडी आणि आगराभोवतीचा, चुना-सिमेंट न लावता रचलेला जांभ्याचा गडगा, या दोन गोष्टींतच इथल्या भूगोलाची निम्मी ओळख होते. माथ्यावरचा आणि किनाऱ्यालगतचा जांभा एकाच काळातला की वेगवेगळ्या, खालचा काही भाग वरच्याच जांभ्याच्या मोडतोडीतून पुन्हा जुळून आला आहे का, यांवर अभ्यासकांत एकमत नाही.

किनारा : सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, जगभर समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती. पुढे बर्फ वितळले, पाणी चढले आणि सड्यांमधल्या नदीखोऱ्यांची तोंडे बुडाली. जयगड, विजयदुर्ग या खाड्या म्हणजे अशी बुडालेली खोरी आहेत. सडे मात्र भूशिरांच्या रूपाने समुद्रात घुसलेले राहिले. म्हणूनच कोकणचा किनारा सरळ रेषेत न जाता सडा, खाडी, पुळण, पुन्हा सडा असा आतबाहेर करीत जातो.

सड्याचे टोक समुद्राला भिडते तेथे कड्याची झीज एका ठरावीक रीतीने होते. लाटा तळच्या मऊ चिकणमातीवर मारा करतात, उधाणाच्या भरतीत पाणी आणखी वर पोहोचते, तळ पोखरला जातो आणि वरचे कठीण कवच काही काळ छज्ज्यासारखे अधांतरी राहते. फटींतून पावसाचे पाणी मुरले की एखाद्या वर्षी त्यातला खोलीएवढा तुकडा खाली येतो. कड्याच्या पायथ्याशी पडलेल्या या शिळाच पुढे काही वर्षे लाटांचा जोर अडवतात आणि त्या झिजून गेल्या की पोखरणी पुन्हा सुरू होते. गोव्यात हणजूण व वागातोर येथे तांबडे कडे समुद्रालगत दिसतात. केरळातील वर्कला येथील प्रसिद्ध कड्याच्या माथ्यावरही जांभा आहे. अशा कड्याच्या अगदी काठावर घर किंवा हॉटेल उभारणे धोक्याचेच. वरून कातळ कितीही भक्कम वाटो, तो खालच्या चिकणमातीवर उभा आहे.

रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूचा संबंधही याच खडकांशी आहे. बेसॉल्टमधले इल्मेनाइट हे लोह व टायटॅनियमचे जड खनिज विदारणाला दाद देत नाही. बाकीचा खडक कुजून गेला तरी त्याचे कण सुटे होऊन नद्यांबरोबर समुद्रात येतात, आणि लाटा हलकी वाळू मागे ओढून नेतात तेव्हा जड कण पुळणीवर पट्ट्यापट्ट्यांनी उरतात. रत्नदुर्गाच्या डोंगराच्या एका अंगाला मांडवीची काळी वाळू, तर दुसऱ्या अंगाला फिकट वाळूची, पांढरा समुद्र याच नावाने ओळखली जाणारी पुळण. एका भूशिराने वाळूची वाहतूक कशी अडते हे विद्यार्थ्याला दाखवायला याहून सोयीची जागा शोधावी लागणार नाही.

माती : जांभ्यावरची माती तांबडी, आम्लधर्मी आणि निचऱ्याची असते. वनस्पतींना लागणारी द्रव्ये खडकातूनच धुऊन गेलेली, आणि घातलेल्या स्फुरदाचा मोठा भाग लोह-ॲल्युमिनियम धरून ठेवतात. म्हणून खत घातले तरी पिकाला ते पुरते मिळत नाही. सेंद्रिय खताला येथे पर्याय नाही. उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी, वरी, तर खोलगट खाचरांत भात, अशी परंपरेची वाटणी आहे. सड्यावर मातीचा थर वीतभर तरी असेल याची खात्री नसते. तरीही देवगड-रत्नागिरीच्या बागायतदारांनी कातळात सुरुंगाने किंवा पहारीने खड्डे पाडले, दुसरीकडून माती आणून भरली आणि त्यांत हापूसची कलमे उभी केली. मुळे पुढे फटींतून वाट काढतात. निचरा चांगला असल्याने पाणी साचून मूळ कुजण्याचा धोका कमी असतो. काजूही येथे रुजला. पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणलेले हे झाड अशाच हलक्या जमिनीत तग धरते.

पाणी : कोकणात वर्षाला सर्वसाधारणपणे 2,500 ते 3,500 मिमी. पाऊस पडतो, आणि तरीही मार्च-एप्रिलमध्ये वाड्यावाड्यांतून टँकरची वाट पाहावी लागते. याचे उत्तर वर दिलेल्या छेदात आहे. सड्यावर पडलेले पाणी कवचाच्या फटींतून सच्छिद्र थरात उतरते, चिकणमातीपाशी अडते आणि आडवे सरकत उताराच्या पोटातून झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. पऱ्ये, वहाळ आणि वाडीच्या विहिरी यांची भिस्त याच पाण्यावर असते. पण जांभ्याची भोके मोठी. तो पाणी जितक्या चटकन घेतो तितक्याच चटकन सोडूनही देतो. म्हणून सड्यावर पाणी जिरवण्याचे काम खोल चर खणून उरकत नाही. पाणी कोणत्या फटीने उतरते आणि कोणत्या वाडीत निघते हे आधी शोधावे लागते. राजापूरजवळ उन्हाळे येथे अवचित प्रकट होऊन काही काळाने लुप्त होणारी गंगा हे या भूगर्भजलाचे सर्वांत लोकप्रसिद्ध रूप. तेथे चौदा कुंडे आहेत.

चिरा : खाणीत कातळाचे कवच काढून टाकले की मऊ थरावर उभ्या-आडव्या रेषा आखून चर पाडतात आणि तळाकडून पहारीने चिरा सुटा करतात. हाताने चालणारे हे काम आता बहुतेक ठिकाणी रुळांवरून सरकणाऱ्या चकत्यांच्या यंत्रांवर होते. ताज्या चिऱ्याचे रंग ठळक आणि अंग दमट असते. उघड्यावर ठेवल्यावर त्यातली लोहाची जलयुक्त खनिजे पाणी सोडून घट्ट स्फटिकरूप घेतात आणि चिरा टणक होतो. ही क्रिया उलटत नाही. मात्र सच्छिद्रपणा कायम राहतो, म्हणून पावसाच्या माऱ्याच्या बाजूला गिलावा हवा. जुन्या गोव्यातील बॉम जेझूस बासिलिका (1605) जांभ्यात बांधलेली आहे. तिच्या दर्शनी भागातले काळे दगड वसईहून आणलेले बेसॉल्टचे आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यास तिचा बाहेरचा गिलावा काढून टाकण्यात आला. आज तिचे उघडे तांबडे अंग पर्यटकांना भावते, पण दर पावसाळ्यात त्या भिंती पाणी पितात आणि जतनाची चिंता वाढत जाते.

सड्यावरचे जीवन आणि कातळशिल्पे : महसुली दप्तरात सड्याची नोंद बहुधा पडीक किंवा पोटखराबा अशी असते. फेब्रुवारीत पाहिले तर ती खरीही वाटते. पहिल्या पावसानंतर मात्र कातळाच्या वाटीएवढ्या खळग्यांत पाणी साठते आणि दिपकाडीचे पांढरे तुरे उभे राहतात. ही वनस्पती कोकण-गोव्याच्या सड्यांबाहेर सहसा आढळत नाही. श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवे, गेंद, तेरडा यांचे गालिचे पसरतात. जमिनीत नायट्रोजन जवळजवळ नसल्याने सीतेची आसवे आणि दवबिंदू या वनस्पती सूक्ष्म जीव व कीटक पकडून ती गरज भागवतात. कासचे पठार यामुळेच नावाजले आणि 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत त्याचा समावेश झाला. कोकणच्या सड्यांची वनश्री त्या तोडीची असूनही तिला तेवढे संरक्षण मिळालेले नाही.

या कातळावरच प्राचीन माणसाने रेषा कोरल्या. पृष्ठभाग विस्तीर्ण व सपाट, आणि कवच दगडी हत्याराने कोरण्याजोगे. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत सुधीर रिसबूड, धनंजय मराठे व त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून, गुराख्यांना व शेतकऱ्यांना विचारत अशी शेकडो चित्रे उजेडात आणली. कशेळी येथील हत्तीची आकृती सुमारे 18 मीटर लांब असून तिच्या पोटात इतर अनेक प्राण्यांच्या आकृती आहेत. हत्ती, गेंडा हे आज कोकणात नसलेले प्राणी या चित्रांत येतात, ही गोष्ट प्राचीन पर्यावरणाच्या अभ्यासाला मोलाची आहे. देवाचे गोठणे येथे शिल्पाजवळ होकायंत्राची सुई भरकटते. कातळातल्या लोहयुक्त खनिजांच्या चुंबकत्वाशी त्याचा संबंध जोडला जातो. 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातील कातळशिल्पांची नऊ स्थळे नोंदली गेली. त्यांपैकी आठ महाराष्ट्रात व एक गोव्यात आहे. उरलेली बहुसंख्य चित्रे खाजगी सड्यांवर आहेत. चित्राभोवती चार चिऱ्यांचा गडगा घालून त्यांचे रक्षण पुरते होत नाही, कारण शेजारी चिरेखाण निघाली की पाण्याचा ओघ बदलतो, कवचाला तडे जातात आणि रेषा त्या कवचाबरोबरच सुटतात. पोटखराबा या नोंदीखाली सड्याला खाणपट्टा देण्यापूर्वी त्यावरची चित्रे, पावसाळी वनस्पती आणि खालच्या वाडीचे झरे यांची एकत्र पाहणी पावसाळ्यातच व्हावी, कारण इतर आठ महिन्यांत त्यांतले निम्मे दिसतही नाही.