नभोवाणी केंद्र विक्रीस निघते तेव्हा

एखादे दुकान विकावयास निघाले, तर गावाचे फारसे बिघडत नाही. मालक बदलतो, पाटी बदलते, आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी त्याच पायरीवर येऊन उभे राहते. परंतु एखादे क्षेपणकेंद्र, मग ते नभोवाणीचे असो की दूरचित्रवाणीचे, विक्रीस निघाले म्हणजे प्रश्न निराळा होतो. इमारत, मनोरा आणि यंत्रे यांची किंमत ठरविता येते. पण त्या केंद्राकडे लागलेले लोकांचे कान कोणाच्या मालकीचे, हे खरेदीखतात कोठेच लिहिलेले नसते. लहान खासगी केंद्र तोट्यात आले, की ते कोण घेणार एवढीच चौकशी होते. घेतल्यावर ते कोणाशी आणि कोणत्या भाषेत बोलणार, हे सहसा कोणी विचारीत नाही. हा प्रश्न न विचारल्याने काय होते, हे इतिहासात पाहावयास मिळते.

बीदर आणि कलबुर्गी या सीमाभागाचे नाते तीन शहरांशी आहे. येथील मराठी माणूस भाषेने मुंबईशी बांधलेला, जुन्या राज्यकारभाराने हैदराबादशी, आणि १९५६ नंतर म्हैसूर राज्याशी. योगायोग असा, की या तिन्ही ठिकाणी नभोवाणीचा पाया खासगी प्रयत्नाने घातला गेला आणि तिन्ही प्रयत्न अखेरीस सरकारच्या हाती गेले.

प्रथम मुंबई पाहू. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. महिनाभरात कलकत्त्याचे केंद्रही सुरू झाले. कंपनीचे अधिकृत भांडवल पंधरा लाखांचे, पण प्रत्यक्षात जमले सहा लाख. त्यातले बहुतेक दोन केंद्रे उभारण्यातच संपले. केंद्रांची शक्ती अवघी दीड किलोवॅट; म्हणजे चांगला श्रोता शहराच्या आसपासचाच. परवान्याची वार्षिक फी दहा रुपये होती, आणि त्यातील आठ रुपये कंपनीला मिळत. यंत्र महाग, परवाने थोडे, आणि विनापरवाना ऐकणारेही पुष्कळ! १९२९ अखेर साऱ्या देशातील परवाने आठ हजारही भरले नव्हते. १ मार्च १९३० रोजी कंपनीचा कारभार गुंडाळण्यात आला.

एप्रिलपासून सरकारने ही केंद्रे आपल्याकडे घेतली खरी. परंतु आर्थिक मंदीचे दिवस होते. १९३१ च्या ऑक्टोबरात सरकारनेही ती बंद करण्याचा निर्णय केला. तेव्हा श्रोते आणि यंत्रविक्रेते यांनी एवढा गलका केला, की नोव्हेंबरात तो हुकूम मागे घ्यावा लागला. पुढे आयात जकात वाढवून खर्चाची तोंडमिळवणी करण्यात आली. नंतर जे घडले ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९३२ अखेर साडेआठ हजारांच्या आसपास असलेले परवाने १९३४ अखेर सोळा हजारांवर गेले. ज्या केंद्रांना तोट्याचा धंदा म्हणून टाळे लागणार होते, त्यांचे श्रोते दोन वर्षांत जवळजवळ दुप्पट झाले. श्रोते तयार होण्यास भांडवलाइतकाच अवधीही लागतो, हा या प्रकरणाचा धडा होय.

आता हैदराबाद. बीदर आणि गुलबर्गा हे जिल्हे त्या काळी निजामाच्या राज्यात होते. तेथे मेहबूब अली नावाच्या गृहस्थाने १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत चिराग अली गल्लीत अवघ्या दोनशे वॅटचे खासगी केंद्र चालविले. फेब्रुवारी १९३५ मध्ये निजाम सरकारने ते आपल्या ताब्यात घेतले आणि 'डेक्कन रेडिओ' उदयास आला. १९३९ मध्ये त्याला पाच किलोवॅटचे यंत्र मिळाले. उर्दूचे प्राबल्य असले, तरी तेलुगू, मराठी आणि कानडी कार्यक्रमांनाही तेथे स्थान होते. सरकारच्या आश्रयाने केंद्राचा आवाज दूरवर पोहोचू लागला, हे मान्यच केले पाहिजे. परंतु त्याच आश्रयाने तो आवाज सरकारचा झाला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी लढाई थांबविल्याची घोषणा निजामाने केली, तीही याच नभोवाणीवरून. एका गृहस्थाच्या घरगुती हौसेतून निघालेला झरा तेरा वर्षांत राजसत्तेच्या कंठातून वाहू लागला होता.

तिसरी कहाणी म्हैसूरची. तेथील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी सप्टेंबर १९३५ मध्ये आपल्या राहत्या घरातून तीस वॅटचे केंद्र सुरू केले. त्याचे नाव 'आकाशवाणी'. हेच नाव पुढे साऱ्या भारताच्या नभोवाणीने धारण केले. परंतु पदरमोड करून एक प्राध्यापक किती दिवस केंद्र चालविणार? प्रथम नगरपालिकेचा हात लागला आणि १९४२ च्या आरंभी म्हैसूर संस्थानाने ते घेतले. १९५० मध्ये हैदराबाद आणि म्हैसूर ही दोन्ही केंद्रे अखिल भारतीय नभोवाणीत विलीन झाली. १९५५ मध्ये म्हैसूरचे केंद्र बंगळूरला हलविण्यात आले. ज्या शहराने ते जन्मास घातले, त्याच शहरातून ते उठले.

आणि सीमाभागाचे काय झाले? १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात राहिले. हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी झाली. १९६६ मध्ये गुलबर्ग्यास आकाशवाणीचे केंद्र आले. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला, त्यात गुलबर्गा जिल्ह्यातील खेडी होती, आणि त्या प्रयोगाच्या पाठोपाठ १९७७ मध्ये तेथे दूरदर्शनचे केंद्र निघाले. ही केंद्रे कानडीत बोलतात, हे रास्तच आहे. मात्र भालकी, औराद, आळंद येथील मराठी घराला रेडिओचा काटा फिरवीत दूरचे मराठी केंद्र शोधावे लागले. हा कोणाचा द्वेष नव्हे. सौदे आणि सीमा ठरत असताना या घराची आठवण कोणी ठेवली नाही, एवढेच.

२०२१ मध्ये जुन्या पद्धतीची दूरदर्शन क्षेपणयंत्रे ठिकठिकाणी बंद होऊ लागली, तेव्हा कलबुर्गी केंद्राच्या भवितव्याविषयीही चिंता व्यक्त झाली. केंद्र राज्याच्या उपग्रहवाहिनीसाठी कार्यक्रम तयार करीत राहील, असा खुलासा प्रसार भारतीला करावा लागला. म्हणजे केंद्र सरकारी असले, तरी भवितव्याची हमी नसते, हेच पुन्हा दिसले.

तेव्हा खासगी मालक वाईट आणि सरकारी मालक चांगला, किंवा त्याच्या उलट, असा निवाडा इतिहास देत नाही. मुंबईचे केंद्र सरकारने घेतले म्हणून जगले. पण ते जगावे असा आग्रह प्रथम श्रोत्यांनी धरला होता. सरकारच्या ताब्यात गेलेल्या हैदराबादेतही मराठीला आणि कानडीला काही वेळ मिळाला. परंतु तो हक्क म्हणून कोठे लिहून ठेवलेला नव्हता, म्हणून राज्य बदलताच तो विरून गेला. १९२७ च्या परवान्यात फीचा वाटा रुपयाआण्यांनी ठरला होता. त्याच काटेकोरपणे एखाद्या भाषेचा वेळ आणि एखाद्या जिल्ह्याची बातमी यांचा वाटाही खरेदीखतात ठरविता येईल. केंद्र विक्रीस निघाले, की ऐकणाऱ्यांनी बोलावयाचे असते. सही झाल्यावर बोलून उपयोग नाही. मुंबईच्या श्रोत्यांना १९३१ साली हे कळले होते. आपल्या सीमाभागात ते बोलणे कधी झालेच नाही.