हिरव्या चष्म्यांचं नगर

लहान मुलांच्या गोष्टींतल्या देशांना इतिहास असतो का? चेटकिणी, राजकन्या आणि बोलणारे प्राणी जिथे राहतात, तिथल्या सनावळ्या कोण लिहून ठेवणार? पण असा देश कल्पनेत उभा करणारा माणूस मात्र कुठल्या तरी खऱ्या गावात राहत असतो. त्याला घरभाडं भरायचं असतं, उधारी वसूल करायची असते. त्या गावची धूळ त्याच्या गोष्टीत आल्याशिवाय राहत नाही. आज आपण अशाच एका देशाची हकिगत पाहणार आहोत. त्या देशाचं नाव ओझ.

१९०० साली अमेरिकेत शिकागोहून ‘द वंडरफुल विझार्ड ऑफ ओझ’ हे पुस्तक निघालं. लेखक होते एल. फ्रँक बॉम. कॅन्ससच्या माळरानावर काका-काकूंकडे राहणारी डोरोथी नावाची पोर, तिचा टोटो हा कुत्रा, आणि त्यांना घरासकट उडवून नेणारं वादळ अशी ही गोष्ट सुरू होते. डोरोथी जाऊन पडते ती ओझ देशात. तिथे तिला पेंढा भरलेलं बुजगावणं, पत्र्याचा लाकूडतोड्या आणि भित्रा सिंह असे तीन सोबती मिळतात. सगळे मिळून पाचूच्या नगरीतल्या महान जादूगाराकडे निघतात.

गोष्टीच्या सुरुवातीचं कॅन्सस बॉम यांनी करड्या रंगात रंगवलं आहे. जमीन करडी, गवत करडं, उन्हानं घराचा रंग उडालेला आणि काकूच्या चेहऱ्यावरचं हसू कधीच मावळलेलं. हे वर्णन बॉम यांना कल्पनेतून आणावं लागलं नाही. १८८८ साली ते बायको-मुलांसह डाकोटा प्रांतातल्या अबर्डीन या नव्या गावी राहायला गेले होते. रेल्वे आली होती, जमिनी मिळत होत्या, नशीब काढायला माणसं लोंढ्यानं येत होती. बॉम यांनी तिथे खेळणी, दिवे, काचसामान असं विकायचं दुकान थाटलं. पण पाऊस रुसला, पिकं करपली. शेतकऱ्याच्या हाती पैसा नाही म्हटल्यावर दुकानदाराचा गल्लाही रिकामाच. दुकान बुडालं. मग १८९० मध्ये त्यांनी एक साप्ताहिक चालवायला घेतलं.

या साप्ताहिकात ते एक विनोदी सदर लिहीत. त्यातला एक शेतकरी सांगतो, की मी जनावरांना हिरवे चष्मे लावतो आणि लाकडाचा भुसा खायला घालतो. ती बिचारी गवत समजून खातात, पण अंगी काही लागत नाही! दुष्काळात हसू आणायचं म्हणून केलेली ही थट्टा. दहा वर्षांनी तोच चष्मा पुस्तकात आला. पाचूच्या नगरीत शिरणाऱ्या प्रत्येकाला वेशीवर हिरवा चष्मा घालावा लागतो, अगदी टोटोलासुद्धा. त्याला कुलूप असतं आणि किल्ली द्वारपालाकडे. नगराच्या तेजानं डोळे दिपतील, असं कारण सांगितलं जातं. पुढे जादूगाराचं बिंग फुटतं. तो निघतो अमेरिकेतल्या ओमाहा गावचा, फुग्यातून उडून आलेला एक साधा म्हातारा. तो कबूलही करतो, की हे नगर इतर गावांहून काही जास्त हिरवं नाही. लोकांनी इतकी वर्षं चष्मे घातले, की त्यांना ते हिरवंच वाटतं.

साप्ताहिकही बुडालं आणि १८९१ मध्ये बॉम शिकागोला आले. दोन वर्षांनी तिथे मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. त्याला जोडून भरलेल्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंद बोलले, म्हणून ते आपल्याला ठाऊक असतं. त्या प्रदर्शनासाठी विजेच्या दिव्यांनी झळाळणारी एक पांढरीशुभ्र नगरी उभारली होती. संगमरवरी वाटणारे तिथले बहुतेक महाल आतून सांगाड्याचे आणि वरून गिलाव्याचे होते. पाचूच्या नगरीचं मूळ अनेक अभ्यासकांना इथे दिसतं.

१९६४ साली हेन्री लिटलफील्ड या शिक्षकानं एक वेगळाच अर्थ लावला. पिवळ्या विटांचा रस्ता म्हणजे सोन्याचं चलन, डोरोथीचे रुपेरी बूट म्हणजे चांदीचं, बुजगावणं म्हणजे शेतकरी आणि पत्र्याचा माणूस म्हणजे कारखान्यातला कामगार. त्या काळी अमेरिकेत सोनं की चांदी हा वाद पेटला होता हे खरं. पण बॉम यांच्या मनात असं रूपक होतं याला पुरावा नाही. १९३९ च्या चित्रपटात तर बूट लाल झाले, कारण रंगीत पडद्यावर ते खुलून दिसत.

चित्रपटानं आणखी एक बदल केला. ओझचा प्रवास हे डोरोथीचं स्वप्न ठरवलं. पुस्तकात तसं नाही. तिथे ओझ हा खराखुरा देश आहे, आणि तिथे कायमचं राहायलाही जाता येतं. १९१० च्या भागात डोरोथीच्या काकांचं शेत गहाण पडलेलं आहे. कर्ज फिटत नाही, बँक जप्ती आणणार, तेव्हा डोरोथी काका-काकूंना ओझला घेऊन जाते. त्या देशात पैसा नाही, गरिबी नाही. माणसं अर्धा वेळ काम करतात आणि अर्धा वेळ खेळतात. अबर्डीनमध्ये कर्जानं खचलेली घरं पाहिलेल्या माणसाचं हे स्वप्न होतं.

पण ही हकिगत इथेच थांबवली, तर आपणही हिरवा चष्मा चढवल्यासारखं होईल. बॉम यांच्या सासूबाई मटिल्डा जोस्लिन गेज या स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडणाऱ्या मोठ्या नेत्या होत्या. गोष्टी लिहून काढा, असा आग्रह त्यांनीच जावयाला केला. साप्ताहिकातून बॉम यांनीही स्त्रियांच्या मताधिकाराचा हिरिरीनं पुरस्कार केला. १८९० च्या नोव्हेंबरात साऊथ डाकोटातल्या मतदानात ती मागणी फेटाळली गेली. पुढच्याच महिन्यात लकोटा सू लोकांचे नेते सिटिंग बुल मारले गेले. २९ डिसेंबरला वुंडेड नी इथे सैन्यानं लकोटांवर गोळ्या चालवल्या. मृतांचा आकडा १५० पासून ३०० पर्यंत सांगितला जातो. त्यांत बायका आणि मुलं पुष्कळ होती. याच दिवसांत बॉम यांनी दोन अग्रलेख लिहिले, आणि उरलेल्या मूळ रहिवाशांना साफ नष्ट करावं असं त्यांत उघड म्हटलं.

ज्या हातानं हे लिहिलं, त्याच हातानं पुढे ओझ लिहिलं. तिथे निळ्या, पिवळ्या, तांबड्या मुलखांतले तऱ्हेतऱ्हेचे लोक आपापल्या घरी सुखात नांदतात. हे दोन्ही एकाच माणसाचं आहे, हे पचायला जड आहे. गोऱ्या वसाहतकऱ्यांच्या भीतीचा चष्मा बॉम यांनाही लागलेला होता, आणि त्यांच्यापुरती त्याची किल्ली हरवलेली होती. २००६ साली त्यांच्या वंशजांनी सू लोकांची माफी मागितली. पुस्तक मुलांच्या हातून काढून घ्यावं, असा याचा अर्थ मुळीच नाही. मूल मोठं झालं, की त्याला उरलेली अर्धी गोष्टही सांगावी, एवढाच आहे.

ओझची मालिका बॉम यांना १९१० मध्येच संपवायची होती. त्यांनी लिहून टाकलं, की ओझ आता अदृश्य झालं आहे, तिकडची वार्ता यापुढे येणार नाही. पण ओझच्या गोष्टींवर काढलेल्या फिरत्या खेळानं त्यांना कर्जात लोटलं होतं. १९०८ सालच्या त्या खेळाच्या नावात ‘रेडिओ’ हा शब्द होता, आणि प्रसारण सुरू व्हायला तर अजून अवकाश होता! १९११ मध्ये त्यांचं दिवाळं निघालं. छोटे वाचक पत्रांवर पत्रं पाठवतच होते. अखेर १९१३ साली नवा भाग आला, आणि अदृश्य देशातली बातमी कळली कशी, याचा खुलासा बॉम यांनी केला. बिनतारी संदेशयंत्रावरून डोरोथीशी बोलणं झालं, म्हणाले!

१९१९ साली बॉम गेले, तोवर ओझच्या १२ कादंबऱ्या निघाल्या होत्या. तेरावी आणि चौदावी त्यांच्या मागून आल्या, आणि पुढे इतरांनीही लिहिल्या. त्या वाचणाऱ्या मुलांना ओझ पाचूचं दिसतं, आणि दिसूही द्यावं. चष्मा केव्हा उतरवायचा, ते मात्र मोठ्यांनी विसरू नये.