पुण्याचं चित्र कुणी काढलं?

सहावी-सातवीतल्या मुलाला ‘पुण्याचं चित्र काढ’ असं सांगून बघा. बहुतेक वेळा मागे दोन-तीन हिरव्या टेकड्या येतील, त्यातल्या एकीवर देऊळ आणि पायऱ्या येतील, पुढे शनिवारवाड्याचा दरवाजा येईल आणि कडेने एक निळी नदी वाहेल. नदी निळीच असेल. रोज शाळेत जाताना पुलावरून ती काळी दिसते हे त्या मुलाला चांगलं माहीत असतं, तरीही.

हे चित्र आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात आहे. शहर म्हणजे नुसते रस्ते आणि वस्ती नसते. दूरून दिसणारी त्याची आकाशरेषा, त्यातली हिरवाई आणि नदीचा काठ या तीन गोष्टींवरून आपण शहर ओळखतो, मिरवतो आणि भाड्याची जाहिरातही करतो (‘टेकडीचा व्ह्यू’ असलेल्या फ्लॅटचा भाव विचारून बघा). माझा पीएचडीचा विषय गवताळ प्रदेशांचा, म्हणजे माळरानांचा. इतिहास हा काही माझा प्रांत नव्हे. पण टेकड्यांवरच्या गवताचा माग काढताना जुने नकाशे, फोटो, गॅझेटियर यांत शिरावंच लागलं, आणि लक्षात आलं की या चित्रातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट कुणीतरी, कधीतरी, कशासाठी तरी तयार केलेली आहे. त्यांपैकी बऱ्याच गोष्टींच्या तारखासुद्धा सांगता येतात.

आकाशरेषेपासून सुरुवात करू, कारण तिथली गोष्ट सोपी आहे. पेशवाईतल्या पुण्यात उंची दोन ठिकाणी होती. एक शनिवारवाडा, बांधकाम १७३० ते १७३२. त्याच्या सगळ्यात वरच्या मेघडंबरीवरून आळंदीच्या ज्ञानेश्वरांच्या देवळाचा कळस दिसायचा असं सांगतात. खरंखोटं तपासायला मेघडंबरीच उरलेली नाही, १८२८ च्या आगीत आतलं सगळं गेलं. दुसरी उंची पर्वती. १७४९ साली नानासाहेब पेशव्यांनी तिथे देवदेवेश्वराचं देऊळ बांधलं आणि गावाबाहेरच्या एका टेकाडाला शहराच्या चित्रात कायमची जागा मिळाली. त्याच पर्वतीवरून ५ नोव्हेंबर १८१७ ला दुसऱ्या बाजीरावाने खडकीच्या लढाईत आपलं सैन्य हरताना पाहिलं. जिथून सगळं शहर दिसतं तिथून शहर हातातून जातानाही दिसतं, एवढं कडू दृश्य फार कमी टेकड्यांच्या वाट्याला आलं असेल.

आज आपल्याला वाटतं की मध्यवर्ती पुण्यातली घरं तुलनेने बुटकी राहिली ती पुणेकरांच्या अभिरुचीमुळे. तसं काही नाही. शनिवारवाड्याभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये नियंत्रण आहे, ते पुरातत्त्व खात्याच्या कायद्याने. लोहगावच्या विमानतळामुळे शहराच्या मोठ्या भागात उंचीवर मर्यादा येतात, त्या विमानांसाठी. लंडनमध्ये सेंट पॉल कॅथेड्रलचा घुमट ठरावीक जागांवरून दिसत राहावा म्हणून १९३० च्या दशकापासून आजूबाजूच्या इमारतींची उंची नियमांनी बांधलेली आहे. म्हणजे तिथे ‘दिसणं’ हीच गोष्ट जपायची म्हणून नियम केला. पर्वती अमुक चौकातून दिसलीच पाहिजे, असा विचार आपल्याकडे रुजलेला नाही. ती जिथून अजून दिसते तिथून योगायोगाने दिसते.

आता नदी. मुठा ही मुळात पावसाळी नदी. पश्चिमेला घाटमाथ्यावर काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि पुण्यात जेमतेम ७००-७५०. त्यामुळे पावसाळ्यात दोन्ही काठ भरून वाहायचं आणि उन्हाळ्यात डोह, खडक आणि वाळवंट उरायचं, हा तिचा स्वभाव. मराठीत नदीच्या वाळूच्या पात्राला ‘वाळवंट’ म्हणतात, तो शब्द अशाच नद्यांनी आपल्याला दिलाय. गावाला प्यायला पाणी मिळावं म्हणून नानासाहेबांनी १७५० च्या सुमारास कात्रजला तलाव बांधून तिथून दगडी नळांनी गावातल्या हौदांपर्यंत पाणी आणलं. नदीवर विसंबून भागत नव्हतं म्हणूनच ना हा खटाटोप!

मग बारमाही भरलेली, संथ, नौकाविहाराची नदी आली कुठून? ती बंडगार्डनहून आली. १८५० साली सर जमशेदजी जीजीभाईंच्या देणगीच्या मदतीने येरवड्याजवळ मुळा-मुठेवर बंधारा पूर्ण झाला. त्याच्या मागे पाणी तुंबलं, काठावर बाग झाली, साहेबलोकांचे बोट क्लब झाले. ‘बोट क्लब रोड’ हे नाव अजून आहे. इंग्लंडमधल्या नदीकाठची आठवण यावी असा तो देखावा होता आणि एका बंधाऱ्याने तो दख्खनच्या पठारावर उभा केला. आपल्या डोक्यातली ‘सुंदर नदी’ ही तिथपासूनची आहे असं मला वाटतं. त्याआधीचे घाट आणि ओंकारेश्वरासारखी देवळं ही उतरत-चढत्या नदीची होती. पायऱ्या असतातच त्यासाठी, पाणी कुठेही असलं तरी माणसाला तिथवर जाता यावं.

१८७९ मध्ये खडकवासल्याचं धरण पूर्ण झालं, कालव्यातून पाणी येऊ लागलं आणि शहराची नदीशी असलेली गरज संपली. गरज संपली की नजर वळते. नदीकडे घरांच्या मागच्या बाजू झाल्या, मोऱ्या झाल्या. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं आणि नदीने एका दिवसात शहराकडे पाहून घेतलं. त्यानंतरच्या पिढ्यांच्या मनात काठ म्हणजे धोका असंच बसलं. पुढे त्याच पात्रात रस्ता झाला, पार्किंग झालं, पाण्याला टेकलेला भिडे पूल झाला, आणि अलीकडे मेट्रोचे खांब. कोरडी दिसते ती जागा रिकामी असते, हा समज या सगळ्याच्या मुळाशी आहे. नदीचं पात्र आठ महिने रिकामं असतं आणि चार महिने नसतं. त्या चार महिन्यांसाठीच ते तेवढं रुंद असतं.

आता सुरू असलेला नदीकाठ सुधार प्रकल्प साधारण ४४ किलोमीटर काठाचा आहे. त्याचं भूमिपूजन मार्च २०२२ मध्ये झालं. बांधीव काठ, चालायला वाटा, हिरवळ आणि पाणी दिसत राहावं म्हणून बंधारे. साबरमतीचं उदाहरण त्यासाठी पुन्हा पुन्हा दिलं जातं. अहमदाबादेत रिव्हरफ्रंटसमोर जे पाणी दिसतं ते नर्मदेच्या कालव्याचं आहे, हे त्या फोटोंखाली कुणी लिहीत नाही. मला काठावर फिरायला आवडेल, खोटं कशाला बोलू? पण मैलापाणी शुद्ध करण्याची वेगळी योजना, ज्यासाठी २०१६ मध्ये जपानच्या जायका संस्थेशी करार झाला, ती आधी पूर्ण करून मग काठाकडे वळायला हवं होतं. तुंबवलेल्या पाण्यात काय तुंबणार, हा प्रश्न बंडगार्डनच्या साहेबाला पडला नसेल, कारण तेव्हा वरच्या अंगाला आजच्याएवढं शहर नव्हतं. आपल्याला तो पडायला हवा.

आणि आता माझ्या आवडीचा भाग. टेकड्या.

तुम्ही फेब्रुवारी-मार्चमध्ये वेताळ टेकडीवर किंवा तळजाईवर गेला असाल तर गुलाबी फुलांनी भरलेली, पानं नसलेली झाडं पाहिली असतील. दरवर्षी त्यांचे फोटो ‘पुण्यातलं चेरी ब्लॉसम’ म्हणून फिरतात. ते झाड म्हणजे गिरिपुष्प, ग्लिरिसिडिया. मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. वनखात्याने ते टेकड्यांवर मोठ्या प्रमाणावर लावलं, कारण मुरमाड जमिनीतही ते भराभर वाढतं आणि गुरं त्याला फारसं तोंड लावत नाहीत. टेकडी लवकर हिरवी दिसायला हवी असेल तर याहून सोयीचं झाड नाही.

पण त्याआधी टेकड्या कशा होत्या? एकोणिसाव्या शतकातले पर्वतीचे फोटो बघा. वर देऊळ, खाली पायऱ्या आणि बाजूला जवळजवळ उघडा उतार. हे फोटो दाखवले की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: ‘अरेरे, तेव्हा सगळं जंगल तोडलं होतं वाटतं.’ टेकडीवर मी गवताचे चौकोन आखून मोजणी करत असते तेव्हा सकाळी फिरायला येणारे काका-काकूही हेच सांगतात, की इथे पूर्वी घनदाट जंगल होतं, आम्ही ते परत आणतोय. त्यांच्या हातात पाण्याच्या बाटल्या असतात, उन्हाळाभर ते रोपं जगवतात. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. त्यांच्या इतिहासाबद्दल शंका आहे.

लाकूडतोड झाली, चराई झाली, हे खरंच. पण पर्जन्यछायेत, एवढ्या कमी पावसात, बेसॉल्टवरच्या वीतभर मातीत घनदाट जंगल हाच मूळ नियम होता असं मानायला आधार कमी आहे. इथल्या जुन्या वनस्पतींची यादीच वेगळं सांगते. कुसळी, पवना यांसारखी गवतं. त्यांत विखुरलेली सालई, धावडा, खैर, मोई, हिवर अशी झाडं, आणि उघड्या उन्हातच फुलणारा तरवड. सावलीत तरवड टिकत नाही. म्हणजे जिथे शतकानुशतकं तरवड आहे तिथे शतकानुशतकं ऊन आहे. या प्रकारच्या प्रदेशाला शास्त्रात सव्हाना म्हणतात. गवत मुख्य, झाडं सुटी सुटी. आपल्याकडे त्याला साधा, चांगला शब्द होता: माळ.

आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी अलीकडे यासाठी एक सुंदर पुरावा वापरला. त्यांनी पश्चिम महाराष्ट्रातलं जुनं मराठी साहित्य, लोकपरंपरेतल्या कथा, ओव्या चाळल्या आणि त्यात कोणत्या रानटी झाडांचे, कशा भूभागाचे उल्लेख येतात ते पाहिलं. निघालं काय, तर काटेरी झाडं, गवत, गुरं, उघडा माळ. इंग्रजांनी जंगलं तोडायच्या कितीतरी शतकं आधीपासून. प्रयोगशाळेत परागकण मोजणाऱ्या माझ्या काही मित्रांना ओवी हा ‘डेटा’ वाटत नाही. मला वाटतो. ज्या बाईने जात्यावर तरवडाचं नाव घेतलं तिला कुठला सिद्धान्त सिद्ध करायचा नव्हता.

हे सगळं उगाळण्याचं कारण सांगते. इंग्रजांच्या महसुली हिशेबात ज्या जमिनीतून सारा किंवा लाकूड मिळत नाही ती ‘पडीक’. तो शिक्का अजून पुसलेला नाही. देशाच्या पडीक जमिनींच्या अधिकृत नकाशांतही झुडपी माळरानं येतात. मग पडीक जमिनीचं भलं करायचं तर दोनच मार्ग उरतात: झाडं लावा किंवा बांधकाम करा. पुण्यात दोन्ही चाललंय, आणि गंमत म्हणजे टेकडी वाचवणारे आणि टेकडीवरून रस्ता नेणारे या एका बाबतीत एकाच भाषेत बोलतात. बालभारती-पौड फाटा रस्त्याच्या वादात विरोधक म्हणतात, इतकी झाडं जातील. उत्तर येतं, त्याच्या कितीतरी पट झाडं दुसरीकडे लावू. टेकडीची किंमत झाडांच्या आकड्यात मांडली की तिची भरपाई आकड्यातच होते. गवताचा उतार, त्यात जमिनीवर घरटं करणारा चंडोल, पावसाळ्यात दोन महिने उगवून कंदात परत जाणारी खर्पुडी, यांची रोपं नर्सरीत मिळत नाहीत. बाजू मात्र माझी स्पष्ट आहे. १९९७ मध्ये हद्दीत आलेल्या २३ गावांच्या टेकड्यांवरचं जैवविविधता उद्यानाचं आरक्षण २०१५ मध्ये मंजूर झालं, ते टिकलं पाहिजे. फक्त ‘जैवविविधता’ या शब्दाचा अर्थ झाडांची गर्दी असा लावू नये.

चित्रातून काय बाहेर राहतं, तेही बघायला हवं. पानशेतच्या पुरानंतर नदीकाठची माणसं हलवली गेली ती गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहतींत, म्हणजे टेकड्यांच्या पायथ्याशी. काठाने माणसं टेकडीकडे ढकलली. पर्वतीच्या उतारावरची जनता वसाहत ही शहरातल्या मोठ्या झोपडपट्ट्यांपैकी एक, पण पर्वतीचा फोटो नेहमी अशा कोनातून काढतात की ती दिसत नाही. आणि नानासाहेबांनी पर्वतीच्या पायथ्याशी आंबील ओढा अडवून, वळवून जे तळं केलं, ज्याच्या मध्ये गणपती होता, ते तळं विसाव्या शतकात बुजवून तिथे बाग झाली. गणपतीला आपण अजून ‘तळ्यातला’ म्हणतो. तळं गेलं, ओढा मात्र होता तिथेच होता. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तो सहकारनगर, अरण्येश्वरच्या बाजूने भिंती पाडत आला. पुणे परिसरात त्या पावसाने वीसच्या वर माणसं नेली.

आंबील ओढा कुठल्याच चित्रात नसतो. सहावीतल्या त्या मुलाच्या कागदावर तर नसतोच, पण नदीकाठ सुधाराच्या गुळगुळीत संगणकी चित्रांतही तुम्हाला तो शोधावा लागेल. तिथे नदीचं पाणी निळं आहे, काठावर हिरवळ आहे आणि मागच्या टेकड्या बारा महिने हिरव्या आहेत. ऑक्टोबरच्या शेवटी जमलं तर तळजाईच्या मागच्या उतारावर, ग्लिरिसिडिया अजून पोचला नाही अशा एखाद्या पट्ट्यात सकाळी सातला जाऊन उभे राहा. कुसळी तांबूस झालेली असते, तरवडाला पिवळी फुलं असतात, पायजम्याला कुसळं चिकटतात ती घरी येऊन तासभर काढावी लागतात.