सभेची पत कोणीं ठरवावी?

नाशिक रोड स्थानकावरून भुसावळकडे जाणारी गाडी धरली, म्हणजे ओढा, खेरवाडी, कसबे सुकेणें हीं स्थानकें मागें पडून निफाड येतें. याच गांवीं १८ जानेवारी १८४२ रोजीं महादेव गोविंद रानडे जन्मास आले. आजच्या विषयाला त्यांचें नांव घेतल्यावांचून आरंभ करतां येत नाहीं.

राज्यकारभाराच्या धोरणांचा अभ्यास करणाऱ्या जगांतील संस्थांची क्रमवारी लावण्याचा उद्योग पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत जेम्स मॅक्गॅन यांनीं कित्येक वर्षें चालविला. जाणकारांकडून नांवें मागवावयाचीं, मतें घ्यावयाचीं आणि अनुक्रम लावावयाचा, अशी त्यांची रीत. २०२० सालच्या अहवालांत ११,१७५ संस्थांची गणना होती. २०२१ सालीं मॅक्गॅन निवर्तले. मतांवरून कीर्ति मोजतां येते हें खरें. पण कामाची किंमत तेवढ्यानें कळते काय?

आपल्याकडील एक जुनें उदाहरण पाहूं. १८७० च्या एप्रिलांत पुण्यांत सार्वजनिक सभा स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, तिचे प्राण. सभासद होऊं इच्छिणाऱ्यानें निदान पन्नास माणसांच्या सह्यांचें मुखत्यारपत्र आणावें, असा तिचा नियम होता! प्रारंभींच्या ९५ सभासदांमागें सुमारें ६,००० सह्या होत्या. आधीं लोकांचा विश्वास, मग सभेंत बोलण्याचा अधिकार. असली कसोटी आजच्या कोणत्या संस्थेला सोसवेल, कोण जाणे.

पुढल्याच वर्षीं रानडे न्यायखात्यांतील नेमणुकीवर पुण्यास आले आणि सभेच्या कामाला शास्त्रीय वळण लागलें. १८७६-७७ च्या दुष्काळांत सर रिचर्ड टेंपल यांनीं दुष्काळी कामावरील मजुराचें धान्य दीड रत्तलावरून एक रत्तलावर आणलें, तेव्हां सभेनें नुसता आक्रोश केला नाहीं. तालुक्यातालुक्यांतून माहिती गोळा केली आणि ती सरकारपुढें पत्रांमागून पत्रें लिहून मांडली. १८७८ सालीं सभेचें इंग्रजी त्रैमासिक निघालें. त्याच वर्षीं रानड्यांची बदली आपल्या नाशकास झाली होती. तरी त्यांचें लेखन थांबलें नाहीं. लेखाखालीं नांव नसे. सरकारी न्यायाधीशानें सरकारच्या सारापद्धतीचे दोष दाखवावयाचे, तेथें नांव कसें असावें?

१८९५ सालीं सभा टिळकांच्या पक्षाच्या हातीं गेली. पुढल्या दुष्काळांत तिच्या माणसांनीं खेडोपाडीं जाऊन, दुष्काळाच्या कायद्यानें रयतेला कोणत्या सवलती मिळतात, हें समजावून सांगितलें. १८९७ सालीं मुंबई सरकारनें सभेची मान्यताच काढून घेतली. सार्वजनिक धोरणाविषयीं सरकारला लिहिण्याचा हक्क तिला उरला नाहीं. सरकारी क्रमवारींत ती शेवटच्या जागेवरही राहिली नाहीं.

आणि त्याच १८९७ सालीं, त्या त्रैमासिकाचे एके काळचे संपादक गोपाळ कृष्ण गोखले लंडनमध्यें वेल्बी कमिशनपुढें हिंदुस्थानच्या जमाखर्चाचे आंकडे मांडीत होते. ते आंकडे जुळविण्यास साहाय्य केलें होतें गणेश व्यंकटेश जोशी या शाळामास्तरानें. सभेच्या त्रैमासिकांत लिहिणाऱ्यांपैकींच ते एक.