दोन यंत्रं, एक रजिस्टर

आपल्या संगणकावरच्या फाइलमधल्या चार ओळी दूरच्या सर्व्हरवरच्या फाइलमध्ये टाकायला टर्मिनलमधल्या एडिटरला आजही वळसे घ्यावे लागतात. हा एडिटरचा दोष समजला जातो. मला तो त्याच्या जन्मवेळेचा वारसा वाटतो. १९७६च्या सुमारास बर्कलीत बिल जॉय यांनी ‘व्हीआय’ हा एडिटर लिहिला, तेव्हा समोर एडीएम-३एसारखं टर्मिनल असे: पडदा आणि कळफलक, डिस्क नाहीच. फाइल, एडिटर आणि उचललेला मजकूर ठेवायची रजिस्टरं, सगळं पलीकडच्या एकाच यंत्रात. जॉय घरून ३०० बॉडच्या मोडेमवर काम करत. म्हणजे सेकंदाला जेमतेम ३० अक्षरं. ८० अक्षरांच्या २४ ओळींचा पडदा भरायला मिनिटाहून जास्त वेळ. अशा तारेवर मजकूर ये-जा न करता तिथल्या तिथे हलणं हीच खरी काटकसर होती, आणि ‘इथली’ फाइल कुणाकडे नव्हतीच.

टेबलावरच्या यंत्राला स्वतःची डिस्क आली आणि घर दुभंगलं. १९९१मध्ये ब्राम मूलेनार यांचा, व्हीआयच्याच वळणाचा ‘व्हिम’ आला तोच अमिगा या घरगुती संगणकावर. १९९५मध्ये फिनलंडमध्ये, पासवर्डचोरीच्या घटनेनंतर, तातू युलोनेन यांनी दूरच्या यंत्राशी जोडणारं एसएसएच लिहून तार सुरक्षित केली. तरी टर्मिनलपुरती ती अक्षरांचीच तार राहिली. क्लिपबोर्ड इकडे, रजिस्टर तिकडे. माउसने निवडून चिकटवलं की झालं, असं कुणी म्हणेल. पण माउस फाइल उचलत नाही, पडदा उचलतो: ओळींचे आकडे दिसत असतील तर तेही सोबत येतात, टॅबच्या जागी बहुधा रिकाम्या जागा येतात आणि पडद्याखालचा मजकूर येतच नाही. म्हणून ईमॅक्स या एडिटरच्या ‘ट्रॅम्प’ने आणि व्हिमच्या ‘नेटआरडब्ल्यू’ने दूरची फाइलच एडिटरपाशी आणली. दोन्ही फाइली एकाच व्हिममध्ये उघडल्या की ‘वाय’ने उचलावं, ‘पी’ने ठेवावं, जॉय यांच्या वेळची एकसंधता परत मिळते. माझ्या मते मूळ रचनेशी सर्वांत प्रामाणिक वाट हीच. तीत, निदान व्हिममध्ये, दूरच्या यंत्रावरची साधनं हाताशी राहत नाहीत, हा आक्षेप मात्र खरा आहे. तिथेच बसून काम करणाऱ्यासाठी ‘ओएससी ५२’ हा संकेतक्रम आहे: मजकूर बेस-६४मध्ये गुंडाळून त्याच तारेवरून येतो आणि टर्मिनल तो इकडच्या क्लिपबोर्डवर ठेवतं. उलट दिशेने, सर्व्हरने क्लिपबोर्ड वाचायला मागितला, तर बरीच टर्मिनलं नकार देतात. कारण क्लिपबोर्डवर नुकताच उचललेला पासवर्डही असू शकतो.