हलगी सोडली, ताल कुठे गेला?

"हलगी फेकून दिली म्हणून आपण माणसात आलो," हे वाक्य चळवळीत वारंवार ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. आपण फेकली ती सक्ती. तिच्यासोबत एक विद्याही गेली आणि तिचा हिशेब आपण कधी मांडला नाही.

सक्ती होतीच. वरात, जत्रा, मयत, दवंडी, गावगाड्यात सगळीकडे वाद्य अस्पृश्यांच्या हाती. वाजवणारा वरातीच्या पुढे आणि पंगतीच्या बाहेर. कातडे विटाळाचे, वाजवणारा विटाळाचा, नाद मात्र देवालाही चालायचा! नकार दिला की बहिष्कार. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते महारांना वतनाच्या नावाखाली राबवून घेणाऱ्या वेठीविरुद्ध. ही वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ उजाडले.

अमेरिकेत उलटे घडले. साउथ कॅरोलिनात १७३९ साली काळ्या गुलामांनी स्टोनो येथे उठाव केला. ते ढोल वाजवत माणसे गोळा करत निघाले होते. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने गुलामांना ढोल बाळगायला बंदी आली. तिथल्या मालकाला ढोलाची भीती वाटली. इथल्या मालकाला वाटली नाही, कारण इथे ढोल कधी आणि कुणासाठी वाजणार हे त्यानेच ठरवले होते.

आता विद्येकडे येऊ. हलगी, घुमके आणि कैताळ या तिघांचा मेळ नीट पाहा. घुमके खालचा जड ठोका धरते, कैताळ मात्रा मोजते, त्यावर हलगी खेळते. हलगीवाल्याच्या एका हातात जाड टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी. चाल बदलायची असेल तर तो आधी एक ठरलेला तुकडा वाजवतो. घुमकेवाला तो ओळखून पुढच्या आवर्तनाला वळतो. तोंडाने कुणी काही बोलत नाही. कातडे सैल पडले की एक जण जाळावर हलगी शेकायला जातो, बाकीचे तेवढा वेळ ताल पडू देत नाहीत. गर्दीत कानावर पूर्ण भरवसाही चालत नाही. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे ३४ मीटर मागच्या माणसाला ठोका सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोचतो. म्हणून जाणता वादक कानाइतकाच पुढच्याच्या हातावर डोळा ठेवतो. हे सगळे पोथीत नाही. ज्यांना अक्षर नाकारले त्यांनी ते एकमेकांकडे बघून, ऐकून टिकवले.

आंबेडकरी जलशांनी नेमके हेच ओळखले. भीमराव कर्डकांसारख्यांनी तमाशाचाच सांगाडा घेतला, शृंगार काढला, प्रबोधन घातले आणि ढोलकी-तुणतुणे ठेवले. शाहीर ओळ टाकतो, झीलकरी तिचे शेवटचे शब्द उचलून ताणतात, तेवढ्यात शाहीर श्वास घेतो. झीलकऱ्याचे लक्ष चुकले तर शाहीर उघडा पडतो. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, तेही याच शिस्तीवर. ज्या हातांना वेठीने वाजवायला लावले, तेच हात आता स्वतःच्या मर्जीने वाजवत होते. माझ्या मते हलगी सोडण्याइतकीच ही घटना मोठी आहे, पण आपल्या भाषणांत ती येत नाही.

मुर्धा, राई, मोर्वा ही भाईंदर-उत्तन रस्त्यावरची गावे. इकडे हळदीला बेंजो पार्टी अजून येते. तिथे ताशावाला मान हलवतो आणि पूर्ण ताफा थांबतो, हे लहान पोरेही टिपतात. आपल्या जयंतीला मात्र डीजेची गाडी. तिच्यासमोर हजार जण नाचतात आणि कुणालाच कुणाचे ऐकावे लागत नाही. डीजेला जात नाही, म्हणून तो बरा, असे मला एका कार्यकर्त्याने सुनावले. हा युक्तिवाद मी हलका मानत नाही. ज्याच्या आजोबाला दारात उभे करून वाजवायला लावले, त्याला हलगी गोड लागेल कशी?

पण काही ठिकाणी जयंतीला हलगीही बोलावतात. वाजवणारे बहुधा मातंग, सुपारी देऊन आणलेले. मिरवणूक संपते, आपली पोरे भोजनदानाच्या रांगेत जातात आणि ते कडेला टेम्पोपाशी पैशांची वाट बघत उभे असतात. पंगतीबाहेरचा वादक आपण पुन्हा तयार केला. त्यांना आधी पानावर बसवा. मग आपल्या पोरांना त्यांच्याकडे शिकायला पाठवा, रीतसर फी देऊन, त्यांना गुरुजी म्हणून.